विद्यापीठाचे सुवर्णपदक आणि त्यापुढची सात वर्षे

शाहूवाडी तालुक्यातील एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी वीस वर्षांची असून कोल्हापुरात वसतिगृहात राहून बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. शाळेत ती खो-खो खेळत असे. यंदा शिवाजी विद्यापीठाच्या आंतरविभागीय मैदानी स्पर्धेत तिने ५००० मीटर १७ मिनिटे ४२ सेकंदांत आणि १०,००० मीटर ३७ मिनिटे १० सेकंदांत पळून दोन्ही सुवर्णपदके मिळवली. आता महाविद्यालयाची अपेक्षा आहे की पुढच्या वर्षी तिने आणखी एखाद्या प्रकारात उतरावे, एका अकादमीचे प्रशिक्षक तिला रोख बक्षिसांसाठी हाफ मॅरेथॉनकडे वळवू पाहत आहेत, आणि तिच्या मामांचे म्हणणे आहे की पोलीस भरतीचा अर्ज भरून मोकळे व्हावे. "तिच्या पळण्यात खरोखर करिअर आहे, की कॉलेज संपले की सगळे संपणार?" असे वडील विचारतात.

आपल्या मुलीत गुण आहेत की नाहीत, हा प्रश्न मला पडत नाही, कारण त्याचे उत्तर घड्याळाने दिलेले आहे. खरी अडचण वेगळी आहे आणि ती दरवर्षी आंतरविभागीय स्पर्धा आटोपली की कोणत्या ना कोणत्या घरात उभी राहते. लांब पल्ल्याच्या धावपटूची सर्वांत चांगली वर्षे बहुधा पंचविशी ओलांडल्यावर येतात, तर पदवी एकविसाव्या किंवा बाविसाव्या वर्षी हातात पडते. मधल्या चार-पाच वर्षांत तिच्या खाण्यापिण्याचा खर्च कोणी उचलायचा, बूट कोणी घ्यायचे, पाय दुखावला तर डॉक्टरांकडे कोणी न्यायचे आणि घरात लग्नाचा विषय निघाला की "अजून थोडे थांबू" असे कोणी म्हणायचे, हे कोणीच ठरवलेले नसते. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतून विद्यापीठाला चांगल्या धावपटू मुली मिळत आलेल्या आहेत. त्यांपैकी ज्या मुली मी जवळून पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक जणी पायांतला दम संपला म्हणून थांबल्या नाहीत. या मधल्या काळाची तजवीज झाली नाही म्हणून त्या थांबल्या. त्यामुळे माझ्या उत्तराचा रोख तिच्या वेगापेक्षा या तजविजीवर अधिक राहील.

वयाविषयी मी जे म्हणते, त्याचे उदाहरण आपल्याच विद्यापीठाच्या परिसरात आहे. ललिता बाबर माण तालुक्यातील मोही गावच्या. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१४ पर्यंत सलग तीनदा पहिल्या आल्यानंतर त्या ३००० मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळण्याच्या शर्यतीकडे, वळल्या. त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांना कांस्यपदक मिळाले, पुढच्या वर्षी आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्या सुवर्णपदकापर्यंत पोहोचल्या, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम करून त्यांनी अंतिम फेरी गाठली, तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. पारुल चौधरी यांनी २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ५००० मीटरचे सुवर्ण जिंकले, तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीस होते. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे तर बारावीनंतर सैन्यात गेले, सियाचीनला नोकरी केली, आणि गंभीरपणे पळायला त्यानंतरच लागले. पॅरिसच्या डायमंड लीग स्पर्धेत २०२४ साली त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंद ही वेळ दिली, तेव्हा तिशी जवळ आली होती. महाविद्यालयीन धावपटू म्हटले की जगभर ज्याचे नाव अजूनही निघते, तो केनियाचा हेन्री रोनो अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात शिकत असताना १९७८ मध्ये ८१ दिवसांत चार जागतिक विक्रम करून गेला खरा, पण तो विद्यार्थीसुद्धा सव्वीस वर्षांचा होता.

आता तिच्या वेळा पाहू. १७:४२ याचा अर्थ ४०० मीटरची प्रत्येक फेरी सरासरी ८५ सेकंदांची झाली. ट्रॅक मातीचा होता की सिंथेटिक, आणि ती सुरुवातीपासून एकटीच पुढे होती की शेवटच्या दोन फेऱ्यांपर्यंत कोणी सोबत होते, हे आपण लिहिलेले नाही. मातीवर एकटीने काढलेली हीच वेळ चांगल्या ट्रॅकवर आणि चुरशीच्या शर्यतीत बरीच खाली येऊ शकते. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत पदकाचा विचार करायचा तर तिला सतरा मिनिटांच्या आत यावे लागेल, आणि पारुल यांनी २०२३ मध्ये केलेला १५ मिनिटे १०.३५ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम तिच्यापासून अडीच मिनिटे दूर आहे. पहिला टप्पा दीड-दोन वर्षांत शक्य वाटतो. दुसऱ्याचा आज विचारच करू नये.

मला तिच्या ५००० मीटरपेक्षा १०,००० मीटरची वेळ अधिक बोलकी वाटते. १७:४२ पळणाऱ्या मुलीचा पाया पक्का असेल, तर तिने १०,००० मीटर ३६ मिनिटे ५० सेकंदांच्या आसपास पळायला हवे. तिला वीस सेकंद जास्त लागले आहेत. दोन्ही शर्यती लागोपाठच्या दिवशी झाल्या असतील तर या फरकाचा फार अर्थ लावू नये. पण तसे नसेल, तर तिचा वेग तिच्या दमाच्या पुढे गेलेला आहे, म्हणजे सरावात जोरात पळण्याचे प्रमाण जास्त आणि निवांत, लांब पळण्याचे प्रमाण कमी आहे. खो-खोतून आलेल्या मुलींत हे नेहमी दिसते, आणि त्यात वाईट काही नाही, कारण दम वाढवणे वेग वाढवण्यापेक्षा सोपे असते. फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या कळल्याशिवाय कोणत्याही प्रशिक्षकाने ठाम सल्ला देऊ नये. ती नियमित सराव किती वर्षे करते आहे, ही त्यांतली पहिली. आठवीपासून सकाळ-संध्याकाळ कठोर सराव करून ती इथवर आली असेल तर पुढची सुधारणा हळू होईल. अकरावी-बारावीनंतर सुरुवात केली असेल तर या वेळा फारच आशादायक आहेत. गेल्या वर्षी तिची वेळ काय होती, आठवड्याला ती किती किलोमीटर पळते, गेल्या दोन वर्षांत दुखापतीमुळे सलग किती आठवडे थांबावे लागले, हेही समजायला हवे. माझ्या अनुभवात आजच्या वेळेपेक्षा दोन वर्षांतली सुधारणा आणि दुखापतीशिवाय गेलेले महिने यांवरून भविष्य अधिक अचूक दिसते.

महाविद्यालयाच्या अपेक्षेविषयी स्पष्ट बोलते. सर्वसाधारण विजेतेपदाचे गुण मोजले जातात, त्यामुळे चांगल्या धावपटूचे नाव जितक्या प्रकारांत देता येते तितक्यांत दिले जाते. १५००, ५०००, १०,०००, वर क्रॉस कंट्री आणि माणूस कमी पडला तर रिलेसुद्धा. शारीरिक शिक्षण संचालकांनाही वरून विचारणा होत असते, म्हणून त्यांना दोष देऊन काही साधत नाही. त्यांच्याशी हंगाम सुरू होण्याआधी बोलावे. दोन प्रकार आणि क्रॉस कंट्री एवढे मी मान्य करीन, आणि अखिल भारतीय स्पर्धेसाठी निवड झाली की त्याआधीचे तीन आठवडे तिला कोणत्याही शर्यतीत उतरवू नये, अशी विनंती लेखी देईन. संचालक समंजस असतील तर ते हे ऐकतात, कारण अखिल भारतीय स्पर्धेतले पदक त्यांनाही हवे असते.

रविवारच्या रस्त्यावरच्या शर्यतींचा मोह मला समजतो. हिवाळ्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, कराड, बेळगाव या पट्ट्यात जवळजवळ दर आठवड्याला कुठे ना कुठे शर्यत असते. पहिल्या बक्षिसाचे पाकीट घरी आले की महिन्याचे दूध आणि फळे त्यातून निघतात, आणि शेतकरी घरातल्या मुलीला "पैशांसाठी पळू नकोस" असे सांगण्याचा अधिकार तिचा खर्च न उचलणाऱ्याला नाही. तरीही वीस वर्षांच्या मुलीने हाफ मॅरेथॉनला मुख्य शर्यत करू नये, असे माझे मत आहे. २१ किलोमीटर डांबरावर स्पर्धेच्या वेगाने पळल्यावर पाय पूर्ववत व्हायला दोन आठवडे सहज लागतात, आणि त्या दोन आठवड्यांत खरा सराव होत नाही. अशा चार-पाच शर्यती केल्या की अख्खा हिवाळा निघून जातो आणि ५००० मीटरची वेळ जिथल्या तिथे राहते. हंगामात १० किलोमीटरच्या दोन किंवा तीन शर्यती निवडाव्यात, त्याही सरावाच्या आराखड्यात बसतील अशा. आणखी एक व्यावहारिक गोष्ट अशी की खासगी संयोजकांच्या शर्यतीचे प्रमाणपत्र खेळाडू आरक्षणात उपयोगी पडत नाही. तिथे मान्यताप्राप्त संघटनेच्या आणि विद्यापीठीय स्पर्धाच विचारात घेतल्या जातात, आणि कोणत्या पदासाठी कोणत्या दर्जाची कामगिरी लागते याची यादी शासन निर्णयात दिलेली असते.

तिचा सराव कसा असावा, हे तिला न पाहता तपशिलात सांगणे बरोबर नाही, पण दिशा सांगता येईल. आठवड्यातल्या पळण्यापैकी सुमारे चार पंचमांश भाग तिने बोलता येईल इतक्या सावकाश वेगाने पळावा. तिच्या बाबतीत हा वेग किलोमीटरला साधारण पाच मिनिटे, थकवा असेल तर त्याहूनही सावकाश. बहुतेक मुलींना हे पटत नाही, कारण सोबतची भरतीची मुले पुढे जाताना दिसतात आणि रोजच शर्यत सुरू होते. आठवड्यातून एकदा किलोमीटरला तीन मिनिटे पन्नास सेकंदांच्या आसपास वीस ते पंचवीस मिनिटे सलग, आणि एकदा ट्रॅकवर थोडे वेगाचे काम, इतके पुरे आहे. जून ते सप्टेंबर या पावसाच्या महिन्यांत मातीचे ट्रॅक चिखलाने भरतात, म्हणून तो काळ लांब पळण्याला आणि ताकदीच्या व्यायामाला द्यावा. विद्यापीठाच्या आवारातले चढ-उताराचे रस्ते यासाठी उत्तम आहेत. रंकाळ्याला पळायचे तर दिशा अधूनमधून बदलावी आणि शक्य तिथे मातीची कड धरावी. वाघबीळपासून पन्हाळ्यावर चढत जाणे हा फार चांगला व्यायाम आहे, पण खाली पळत येऊ नये, एसटीने यावे. नडगीच्या निम्म्या तक्रारी मी उताराच्या खात्यावर टाकते.

इथे एक सूचना. शाळेत खो-खो खेळलेल्या मुलीला चटकन दिशा बदलण्याची आणि पाय नेमका टाकण्याची सवय असते. महिलांच्या ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ७६.२ सेंटीमीटर उंचीचे २८ अडथळे आणि सात पाणउड्या असतात, आणि या प्रकारात नुसत्या वेगाइतकेच ते कसबही कामी येते. तयार धावपटू तिथे कमी असल्यामुळे वरच्या स्पर्धांत जाण्याची वाट थोडी मोकळी असते. येत्या पावसाळ्यात एखाद्या जाणकार प्रशिक्षकाकडून तिची चाचणी जरूर करून घ्यावी.

आता ज्या विषयावर वडील आणि मुलगी सहसा बोलत नाहीत त्याकडे येते, कारण धावपटू मुलींची करिअर इथेच सर्वाधिक वेळा मोडते. मासिक पाळी सलग तीन महिने आली नाही, तर "सराव जास्त झाला असेल" म्हणून सोडून देऊ नये. जितकी ऊर्जा खर्च होते तितकी पोटात जात नाही, याची ती खूण असते, आणि त्यापुढची पायरी म्हणजे हाडे कमकुवत होऊन नडगीला किंवा पावलाला सूक्ष्म अस्थिभंग होणे. बोटाने दाबल्यावर एकाच जागी दुखते आणि रात्री झोपेतही ठणका लागतो, अशी तक्रार आली की पळणे त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. रक्ताची तपासणी वर्षातून दोनदा व्हावी आणि तीत हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्वही पाहावे. हिमोग्लोबिन बारा-साडेबारा असूनही फेरिटिन ३० च्या खाली गेलेल्या मुली माझ्याकडे नेहमी येतात. त्या आळशी झाल्या आहेत असे घरच्यांना वाटत असते, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाचे औषध सुरू झाले की काही आठवड्यांत त्यांचे पाय पुन्हा चालू लागतात. जेवणासोबतचा चहा लोह शोषू देत नाही, म्हणून तो तासभर दूर ठेवावा आणि ताटात लिंबू असावे.

खुराकाविषयी कोल्हापुरात प्रत्येकाला माहिती असते, पण ती तालमीतली असते. पैलवानाचे दूध, तूप, बदाम आणि मटण यांचे प्रमाण धावपटूला जसेच्या तसे लागू होत नाही. तिला भाकरी, भात, बटाटा, केळी, गूळ यांतून मिळणारी ऊर्जा आधी हवी, आणि तिच्या जोडीला अंडी, उसळ, दूध, दही. सराव संपल्यावर अर्ध्या तासात काहीतरी पोटात गेलेच पाहिजे. वसतिगृहाच्या मेसची वेळ चुकली म्हणून चहा-बिस्किटांवर झोपणारी मुलगी कितीही गुणी असली तरी दोन हंगामांपेक्षा जास्त टिकत नाही. मेसच्या चालकांशी बोलून डबा बाजूला काढून ठेवण्याची सोय करावी. या एका गोष्टीसाठी आपण कोल्हापूरला एक खेप घालावी असे मी म्हणेन. अकादमीत कोणी ताकदीचे इंजेक्शन किंवा बिननावाची पावडर देऊ केली तर मात्र तिथून तिला त्याच दिवशी बाहेर काढावे. उत्तेजक चाचणीत दोष आढळला तर चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते, आणि "मला माहीत नव्हते" हे उत्तर तिथे चालत नाही.

राहिला मामांचा मुद्दा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९५२ मध्ये खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून पैसे उभे केले, ही हकिगत कोल्हापुरात सर्वांना ठाऊक आहे. पण असा प्राचार्य भेटेल, या भरवशावर कोणत्याही बापाने बसू नये. नोकरी ही धावपटूची शत्रू नसते. राधानगरी तालुक्यातील नेमबाज स्वप्नील कुसाळे २०१५ पासून मध्य रेल्वेत होते आणि ऑलिंपिक पदक २०२४ मध्ये पॅरिसला मिळाले, म्हणजे मधली नऊ वर्षे पगार चालू होता. पारुल चौधरी याही आधी रेल्वेत होत्या. प्रश्न फक्त क्रमाचा आणि खात्याचा आहे.

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत महिलांना ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत पूर्ण केल्यास वीसपैकी वीस गुण मिळतात. म्हणजे फेरीला ८५ सेकंद. आपली मुलगी हाच वेग साडेबारा फेऱ्या टिकवते. तेव्हा पळण्याच्या तयारीसाठी तिला भरतीच्या अकादमीत घालण्याचे काहीच कारण नाही. तिचे गुण १०० मीटर आणि गोळाफेकीत जातील, आणि निकाल मुख्यतः लेखी परीक्षेवर ठरेल. त्याची तयारी पदवीच्या शेवटच्या वर्षात, दिवसाला दीड-दोन तास देऊन करता येते. पण आज, दुसऱ्या वर्षात शिक्षण सोडून शिपाई पदासाठी जाण्यात मला घाई दिसते. प्रशिक्षणाचे महिने आणि पहिल्या नेमणुकीचा बंदोबस्त यांत वीस ते तेवीस ही वर्षे जातात. शिवाय पदवी हातात असेल तर उपनिरीक्षकपदाची परीक्षा खुली होते आणि राज्याच्या पाच टक्के खेळाडू आरक्षणातही वरच्या पदांचा विचार करता येतो. त्यासाठी राष्ट्रीय दर्जाची कामगिरी लागते. प्रमाणपत्रांची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून आधीच करून घ्यावी लागते. जाहिरात निघाल्यावर धावपळ करणाऱ्यांची मुदत हुकलेली मी पाहिली आहे, म्हणून प्रत्येक स्पर्धेचे मूळ प्रमाणपत्र आणि निकालपत्रकाची प्रत आतापासून एका फाईलमध्ये ठेवावी.

म्हणून मी सुचवीन तो क्रम असा: पदवी होईपर्यंत विद्यापीठ आणि राज्य संघटनेच्या स्पर्धा, त्यांत ५००० मीटर सतरा मिनिटांच्या आत आणण्याचे उद्दिष्ट. पदवीनंतर रेल्वे किंवा पोलीस यांच्या खेळाडू भरतीसाठी प्रयत्न, आणि ती नोकरी मिळेपर्यंत पदव्युत्तर प्रवेश घेऊन विद्यापीठाच्या संघात राहणे. विद्यापीठीय स्पर्धांना वयाची अट असते, ती क्रीडा विभागातून तपासून घ्यावी. पदव्युत्तर दोन वर्षांचा वसतिगृहाचा आणि आहाराचा खर्च आपल्याला झेपणार नसेल, तर हा क्रम बदलतो आणि मामांचा सल्ला वरच्या स्थानी येतो. हे ठरवणे माझ्या हातात नाही. तो हिशेब आपणच करायचा आहे.

अकादमीच्या हाफ मॅरेथॉनसाठी नाव दिलेले नसेल तर यंदा देऊ नये. दिलेच असेल आणि शुल्क भरलेले असेल, तर ती शर्यत लांब सरावासारखी, बक्षिसाची आशा न धरता पळावी. या आठवड्यात रक्ताची तपासणी करून घ्यावी, आणि सुट्टीत मुलगी घरी आली की मामांसह सर्वांनी एकदा बसून बोलावे. आपल्या पत्रात महाविद्यालय, प्रशिक्षक आणि मामा या तिघांचे म्हणणे आले आहे, तिचे आलेले नाही. ते ऐकून मला कळवावे, सोबत तिच्या गेल्या सहा महिन्यांच्या सरावाची वही आणि गेल्या वर्षीच्या वेळा पाठवाव्यात. अडथळ्यांवरून उडी मारण्याची तिला भीती वाटते की मजा, हेही विचारावे, म्हणजे पुढच्या हंगामात कोणते दोन प्रकार धरायचे ते ठरवता येईल.